‘पहिल्या पानाची गॅरंटी’ विकत घेण्याआधी

साइटवर येणारी माणसं एकाएकी घटली की मालक सैरभैर होतो, आणि नेमका त्याच आठवड्यात एक मेल येतो. पाठवणारा मनकवडा नसतो. तोच मेल हजारो साइटमालकांना गेलेला असतो आणि त्यातल्या काहींची साइट तेव्हा खरोखर घसरलेली असतेच. सोबत पीडीएफ जोडलेली असते. वर तुमच्या साइटचं नाव ठळक अक्षरात, खाली लाल रंगात शंभरावर ‘गंभीर चुका’ आणि शेवटच्या पानावर पॅकेजचे दर. ‘९० दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटीसह.’

ही पीडीएफ कुठल्याही फुकट क्रॉलर टूलमधून, म्हणजे साइटची पानं आपोआप चाळणाऱ्या प्रोग्रॅममधून, पाच-दहा मिनिटांत निघते. टूल जे मोजता येतं तेवढंच मोजतं: चित्राला ऑल्ट टेक्स्ट म्हणजे कोडमधलं शब्दवर्णन नाही, टायटल ६० अक्षरांहून लांब, पानावर दोन एच-वन म्हणजे मुख्य मथळे, मेटा कीवर्ड्स (कोडमधली शब्दांची यादी) रिकामे. यातलं शेवटचं कलम दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही. मेटा कीवर्ड्स क्रमवारीसाठी आपण बघतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं आहे. दोन एच-वन असले म्हणून काही बिघडत नाही. लांब टायटल निकालात कापून दिसतं, एवढंच. ऑल्ट टेक्स्ट द्यायलाच हवं, पण ते नाही म्हणून अख्खी साइट गायब होत नाही.

साइट सर्चमध्ये दिसत नाही याची कारणं मुळात तीन प्रकारची. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, पानापर्यंत पोचू शकत नाही. पोचतो, पण पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या साठ्यात, ठेवलं जात नाही. ठेवलं जातं, पण खाली दिसतं. पहिल्या दोन प्रकारांचा उपाय बहुतेकदा तासाभराचं काम असतं आणि तासाभराच्या कामावर महिन्याचं पॅकेज बसत नाही. म्हणून दुखणं कुठलंही असो, विकलं जातं ते तिसऱ्याचं औषध: बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक), ब्लॉगपोस्ट, ‘अथॉरिटी वाढवणं’.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार असा. साइटचं नवं डिझाइन होतं. डेव्हलपर ते स्टेजिंगवर म्हणजे चाचणीच्या प्रतीवर बांधतो आणि अर्धवट साइट गूगलमध्ये येऊ नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली असलेल्या ‘डिस्करेज सर्च इंजिन्स’ या चौकटीत टिक करतो. हे बरोबरच आहे. मग साइट लाइव्ह होते आणि टिक तशीच राहते. आता प्रत्येक पानाच्या कोडमध्ये नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान इंडेक्समध्ये ठेवू नका’ असा टॅग आहे. पण पहिल्या दिवशी काहीच होत नाही, कारण बॉट पुन्हा त्या पानावर येऊन तो टॅग वाचेपर्यंत पान इंडेक्समध्ये असतं. होमपेज आणि गाजलेली पानं बॉट वारंवार बघतो, ती आधी जातात. बाकीची पुढच्या काही आठवड्यांत एकेक करून. घसरण अशी हप्त्याहप्त्याने होत असल्याने डिझाइनच्या तारखेशी तिचा संबंध कुणी जोडत नाही. ‘गूगलचं नवं अपडेट आलंय, तुमची अथॉरिटी कमी पडतेय’ हे सांगणं मग सोपं जातं.

त्यातला लबाड भाग पुढे आहे. चार महिने लिंकांचे पैसे घ्यायचे, मग एके दिवशी गुपचूप ती टिक काढायची. पानं परत येतात, आलेख वर चढतो, आणि अहवालात लिहिलं जातं, ‘लिंक बिल्डिंगचा परिणाम’. मालक खूश होऊन पुढच्या वर्षाचंही पॅकेज घेतो.

हे स्वतः तपासायला काही लागत नाही. गूगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या फुकट टूलमध्ये वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाकला की यूआरएल इन्स्पेक्शन उघडतं. ‘क्रॉल अलाउड’ आणि ‘इंडेक्सिंग अलाउड’ या दोन ओळी बघा. दुसरीपुढे ‘नो’ असेल तर पानाचा सोर्स उघडून नोइंडेक्स शोधा. तिथे नसेल तर तो सर्व्हरच्या एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमधून (पानासोबत पाठवल्या जाणाऱ्या माहितीतून) येत असतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबखाली पहिल्या विनंतीचे रिस्पॉन्स हेडर्स बघितले की सापडतो. ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबायला विसरू नका, नाहीतर समोर दिसतं ते बॉटच्या मागच्या भेटीचं चित्र.

पहिल्या ओळीपुढे ‘नो’ असेल तर दोष बहुधा बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये आहे. त्यात ‘डिसअलाउ’ आणि पुढे नुसती तिरकी रेघ असेल तर सगळी साइट बंद आहे. इथे एक चूक पैसे घेऊन सर्रास केली जाते. नको असलेली पानं काढण्यासाठी नोइंडेक्सही लावायचा आणि रोबोट्समध्येही अडवायचं. बॉटला पानच उघडता आलं नाही तर त्यातला नोइंडेक्स तो वाचणार कसा? मग बाहेरून लिंक असलेलं असं पान वर्णनाशिवाय निकालात लोंबकळत राहतं. पान काढायचं असेल तर नोइंडेक्स लावून बॉटला आत येऊ द्यावं लागतं.

डिझाइन बदलताना पत्ते बदलले असतील तर रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवणं, बघा. सगळे जुने पत्ते एका नियमात होमपेजवर वळवणं हा आळशी माणसाचा मार्ग. गूगल अशा वळणांना बऱ्याचदा सॉफ्ट ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’ असंच, धरतं आणि जुन्या पानाची पुण्याई वाया जाते. प्रत्येक जुन्या पानाला त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१ (कायमचा रीडायरेक्ट) लावावा लागतो आणि तो निदान वर्षभर ठेवावा लागतो. जुन्या पत्त्यांची यादी सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालातल्या ‘पेजेस’ टॅबमधून, जुन्या साइटमॅपमधून आणि सर्व्हर लॉगमधून निघते. ही यादी जो मागत नाही, त्याला रीडायरेक्टचं काम देऊ नका.

थीम किंवा प्लगइन बदलल्यावर सगळ्या पानांचं कॅनॉनिकल (‘मूळ पान हे धरा’ असं सांगणारा टॅग) होमपेजकडे बोट दाखवू लागलं, असंही होतं. इन्स्पेक्शनमध्ये तुम्ही जाहीर केलेलं कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेलं, दोन्ही एकाखाली एक दिसतात.

आता गॅरंटीबद्दल. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. ‘आमची गूगलशी खास ओळख आहे’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, हेही. तरी गॅरंटी दिली जाते आणि कागदोपत्री ती पाळलीही जाते, कारण कीवर्ड म्हणजे शोधायचे शब्द निवडतो विकणारा. यादीत तुमच्याच नावाचे शब्दप्रयोग असतात, तिथे तुम्ही तसेही पहिलेच असता. नाहीतर पाच-सहा शब्दांच्या अशा लांबलचक ओळी असतात ज्या कुणी शोधतच नाही. कुणी स्पर्धेत नाही म्हटल्यावर पहिला नंबर येणारच. परफॉर्मन्स अहवालात तो कीवर्ड टाका आणि इम्प्रेशन्स, म्हणजे साइट निकालात किती वेळा दिसली ते, बघा. महिन्याभरात दोन-चार असतील तर तो क्रमांक एक फक्त अहवालात शोभेसाठी आहे.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून घेऊ नका. निकाल ठिकाणानुसार, भाषेनुसार, आधीच्या शोधांनुसार बदलतात. कधीकधी तर वर दिसणारी ओळ ‘स्पॉन्सर्ड’ म्हणजे जाहिरात असते आणि तो शब्द चित्रातून कापलेला असतो.

करारात मोजमाप लिहायचंच असेल तर असं लिहा: स्वतःचं नाव वगळून बाकीच्या क्वेरींवरचे (लोकांनी शोधलेल्या शब्दांवरचे) क्लिक, सर्च कन्सोलमधून, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करून. नाव वगळायला क्वेरी फिल्टरमध्ये ‘नॉट कंटेनिंग’ आहे. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, म्हणून हंगामी चढउतार झाकून ‘मागच्या महिन्यापेक्षा ४० टक्के वाढ’ असली करामत चालत नाही. आणि हे आकडे तुम्ही स्वतः लॉगिन करून बघायचे, त्यांच्या पीडीएफमधून नाही.

अॅनालिटिक्सचे, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या टूलचे, आकडे मात्र फुगवता येतात. प्रोग्रॅमने दिलेल्या खोट्या भेटी विकत मिळतात. त्यांची लक्षणं: वाढ जवळजवळ सगळी ‘डायरेक्ट’मध्ये (थेट आलेल्यांत), एंगेजमेंट एक-दोन सेकंद, एकाच मापाचे स्क्रीन, आणि मध्यरात्रीही दुपारइतकीच वर्दळ. अॅनालिटिक्समध्ये भेटी दुप्पट आणि सर्च कन्सोलमध्ये क्लिक जागच्या जागी, असं दिसलं की प्रश्न विचारायची वेळ आली.

बॅकलिंकांचा धंदा ‘डीए’ म्हणजे डोमेन अथॉरिटीवर चालतो. ‘डीए ५० प्लसच्या ३० लिंका’ असा भाव असतो. डोमेन अथॉरिटी हा साइट निकालात किती वर येईल याचा मॉझ या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे, १ ते १०० मध्ये. गूगल तो वापरत नाही. स्वस्तातल्या लिंका मारून हा आकडा वर नेता येतो, तोच विकाऊ साइटचा गुण म्हणून दाखवला जातो. या लिंका बहुधा प्रायव्हेट ब्लॉग नेटवर्कमधून येतात: मुदत संपलेली डोमेन विकत घेऊन त्यांवर काहीबाही लेख चढवलेल्या साइटी. सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालातून यादी उतरवून त्यातल्या दहा साइटी उघडा. एकाच पानावर कर्ज, कॅसिनो, केसगळती आणि मध्येच तुमचा धंदा, लेखकाचं नाव ‘अॅडमिन’, संपर्काचा पत्ता नाही. एवढं बघून जे समजायचं ते समजतं.

एप्रिल २०१२ मध्ये आलेलं गूगलचं पेंग्विन अपडेट अशा लिंकांसाठी साइट खाली ढकलायचं. सप्टेंबर २०१६ पासून ते मुख्य अल्गोरिदममध्ये गेलं आणि बहुतेक वेळा अशा लिंका नुसत्या दुर्लक्षिल्या जातात. म्हणजे बऱ्याच जणांचं नुकसान फक्त पैशांचं होतं. फारच बटबटीत प्रकार असेल तर मात्र मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, येते, आणि ती लिंक विकणाऱ्यावर नाही, तुमच्या साइटवर येते.

‘महिन्याला २०० लेख’ हेही तसंच. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात ढिगाने पाडलेल्या मजकुराचा वेगळा उल्लेख आहे, तो माणसाने पाडलेला असो की यंत्राने. अशी पानं बहुधा सर्च कन्सोलच्या ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’मध्ये (बॉटने बघितली, पण इंडेक्समध्ये नाहीत) साठतात. मग त्यावर ‘इन्स्टंट इंडेक्सिंग’ विकलं जातं. त्यासाठी वापरला जाणारा गूगलचा इंडेक्सिंग एपीआय (पानाची खबर थेट गूगलला देण्याची सोय) नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरताच दिलेला आहे.

वेगाच्या कामात हातचलाखीला भरपूर वाव आहे. पेजस्पीड या गूगलच्या वेग मोजणाऱ्या टूलमध्ये १०० गुण दाखवले जातात, पण काही वेळा कोडमध्ये अशी सोय केलेली असते की तपासणारं टूल आलं की जड स्क्रिप्ट लोडच होत नाहीत आणि माणूस आला की सगळ्या होतात. पेजस्पीडच्या अहवालात वरच्या भागात खऱ्या वापरकर्त्यांचे २८ दिवसांचे आकडे असतात, ते बघा: एलसीपी (मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (लोड होताना मजकूर किती हलतो) ०.१ पर्यंत. वर्दळ कमी असलेल्या साइटला हा भाग रिकामा दिसतो. तसं असेल तर साध्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर साइट स्वतः उघडून बघणं हीच चाचणी.

खरी गोची होते ती खात्यांच्या चाव्यांवरून. ‘डोमेन, होस्टिंग सगळं आम्हीच बघतो’ म्हणत डोमेन त्यांच्या खात्यात, त्यांच्या ईमेलवर नोंदलं जातं. अॅनालिटिक्सची प्रॉपर्टीही त्यांच्याच खात्यात उघडतात. वाद झाला की डोमेन हलवायला ऑथ कोड हा गुप्त संकेत लागतो, तो त्यांच्याकडे. वर नव्या नोंदणीनंतर ६० दिवस डोमेन सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही. म्हणून रजिस्ट्रारचं खातं तुमच्या मेलवर, सर्च कन्सोलची मालकी तुमच्या डीएनएसमधल्या (डोमेनच्या सेटिंग्जमधल्या) टीएक्सटी नोंदीने सिद्ध केलेली, आणि काम करणाऱ्याला ‘फुल’ युजर म्हणून प्रवेश. ‘ओनर’ म्हणून कधीच नाही.

फसवणूक लक्षात आल्यावर आधी बॅकअप घ्या, मग प्रवेश काढा. वर्डप्रेसमधले अनोळखी अॅडमिन, होस्टिंगची एफटीपी (फाइली चढवण्याची) खाती, अनोळखी प्लगइन, सगळं बघा. सर्च कन्सोलमधून नाव काढलं तरी त्यांची पडताळणीची फाइल, मेटा टॅग किंवा डीएनएस नोंद साइटवर तशीच असेल तर ते पुन्हा मालक होऊ शकतात. ‘युजर्स अँड परमिशन्स’मध्ये ओनरशिप टोकन्सची यादी असते, तिथून एकेक शोधून काढा. फुटरमध्ये आणि थीमच्या फाइलींमध्ये लपवलेल्या बाहेरच्या लिंकाही बघा. तुमच्या साइटवरून दुसऱ्या गिऱ्हाइकाला लिंक देण्याची पद्धत आहे.

‘पैसे थांबवलेत तर सगळ्या लिंका काढून टाकू’ अशी धमकी येते. काढू द्या. उलट मॅन्युअल अॅक्शन आलेली असेल तर त्या काढून घेण्याची लेखी मागणी करा आणि मेल जपून ठेवा. ज्या निघत नाहीत, त्यांच्या डोमेनची यादी डिसअॅव्हाउ टूलमध्ये (‘या लिंका धरू नका’ असं गूगलला सांगण्याच्या टूलमध्ये) द्या. मॅन्युअल अॅक्शन नसेल तर या टूलच्या वाटेला सहसा जाऊ नका. ‘टॉक्सिक लिंक सफाई’ म्हणून तेही विकलं जातं आणि त्यात चांगल्या लिंकाही कापल्या जातात. मॅन्युअल अॅक्शन असेल तर त्यानंतर रीकन्सिडरेशनची, म्हणजे फेरविचाराची, विनंती करताना नेमका दोष काय होता, तो दूर करायला काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तिन्ही लिहा, आणि काढलेल्या लिंकांची शीट जोडा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवू नका.