फॉक्सप्रोचा निळा पडदा बंद करून नऊ महिने झाले

१ एप्रिल २०२५ ला आमच्या दुकानातलं पहिलं बिल नव्या सॉफ्टवेअरवर निघालं. त्याला ११ मिनिटं लागली. गिऱ्हाईक कवलापूरचं, माल म्हणजे अर्ध्या इंचाचे चार एल्बो आणि सोल्युशनची एक डबी. जुन्या प्रोग्रॅमवर अण्णांनी हे बिल काढून, हातात देऊन, वर चहाही सांगून झाला असता. अण्णा म्हणजे आमचे दिवाणजी, दुकानात ३१ वर्षं. स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाले, "वहिनी, हे लई प्रश्न विचारतंय ओ."

दुकान सांगलीत, गणपती पेठेत. पाईप, फिटिंग, मोटारी, केबल, ठिबकचं सामान. घाऊक जास्त, किरकोळ थोडं. १९९६ मध्ये सासऱ्यांनी (घरात सगळे त्यांना बाबा म्हणतो) इथल्याच एका प्रोग्रॅमर सरांकडून डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या जमान्यातल्या) फॉक्सप्रो २.६ या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बिलिंग, स्टॉक आणि खतावणी लिहून घेतली. तेव्हाचे ३५,००० रुपये, आणि पुढे वर्षाला थोडे देखभालीचे. मी या घरात आले २००९ ला, बी.कॉम. होऊन. तेव्हापासून हिशेबाचं टेबल माझ्याकडे आहे.

नव्या सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव सांगितलं की चर्चा त्या नावावरच जाते. इंटरनेटवर चालणारं, माणशी वर्षाचं भाडं घेणारं, बिलिंग-स्टॉक-हिशेब एकत्र असलेलं सॉफ्टवेअर आहे, एवढं पुरे.

आधी, इतकी वर्षं का थांबलो ते. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, हेच कारण. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो १९९२ मध्ये विकत घेतलं, २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नाही असं जाहीर केलं, आणि शेवटच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. आमचं तर त्याच्याही आधीच्या पिढीतलं. पण आमच्या काउंटरवर यातलं काहीच जाणवत नव्हतं. जाणवायचं ते कॉम्प्युटर बदलताना. नव्या वेगवान मशीनवर प्रोग्रॅम सुरू होतानाच शून्याने भागाकाराची चूक दाखवून बंद पडायचा. सरांनी त्यावर ठिगळ लावलं. मग ६४ बिट विंडोज आलं, त्यावर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत. डॉसचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम टाकून बघितला, पण दोन काउंटरवरून एकाच वेळी बिलं काढली की आमच्याकडे फाईल अडकायची. शेवटी जुन्या बाजारातून ३२ बिट विंडोज ७ वाल्या दोन मशीन आणून ठेवल्या. एक चालवायला, एक सुट्ट्या भागांसाठी. धंद्याचा सगळा हिशेब भंगारातल्या मदरबोर्डवर उभा आहे, हे तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पेठेत पाणी. सर्व्हर आधीच माळ्यावर चढवला होता, म्हणून वाचला. बॅकअपचा पेन ड्राइव्ह मात्र गल्ल्याच्या ड्रॉवरमध्येच राहिला. पाणी ओसरल्यावर गाळातून तो मी स्वतः काढला. त्यानंतरही आम्ही जवळपास सहा वर्षं काढली. माणसाची सवय पुरापेक्षा चिवट असते, दुसरं काय.

आम्हाला खरं हलवलं ते ई-इन्व्हॉइसने. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकांची बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवणं सक्तीचं झालं. आम्ही त्यात बसलो. साध्या शेतकऱ्याच्या बिलाला ते लागत नाही, पण तालुक्यातल्या दुकानदारांच्या बिलांना लागतं. मग रोज रात्री दहा-पंधरा बिलं मी जुन्या प्रोग्रॅममधून बघून पोर्टलवर पुन्हा टाइप करायची. वर तो क्यूआर कोड. तो डॉट मॅट्रिक्सवर छापला की शाईचा नुसता डाग. वीस महिने हे केलं. एका रात्री एका बिलात आयजीएसटीच्या (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) जागी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा) पडला. तो निस्तरता निस्तरता बाबांना सांगितलं, आता एक तर सॉफ्टवेअर बदला नाहीतर माझ्या जागी दुसरं कुणी बसवा.

पर्याय तीन होते. त्याच सरांकडून नव्याने लिहून घ्यायचं. पण सर आता सत्तरीचे, पुण्याला मुलाकडे, आणि मूळ कोडची सीडी वाचताच येत नव्हती. दुसरा, बाजारातलं तयार हिशेबाचं पॅकेज. ते आमच्या सीएंना सोयीचं होतं, पण फूट-किलो-नगाच्या आमच्या भानगडीला अपुरं वाटलं. तिसरा हा, जो आम्ही घेतला. बसवून देणाऱ्यांनी डेमोत सगळं काही दाखवलं. मोबाइलवर स्टॉक, रंगीत आलेख, व्हॉट्सअ‍ॅपवर बिल. आम्ही तिथेच चुकलो. नवं काय काय करतं हे तीन बैठका बघत बसलो. जुनं काय काय करत होतं, याची यादी केलीच नाही. आणि ती यादी कुठल्याच कागदावर नव्हती. अर्धी कोडमध्ये होती, अर्धी अण्णांच्या डोक्यात.

डेटा उचलताना हे एकेक करून बाहेर आलं.

फॉक्सप्रोचा डेटा ज्यात राहतो त्या डीबीएफ फाईलमध्ये रेकॉर्ड पुसलं तरी ते जात नाही, त्यावर नुसती खूण पडते. 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ते खरं जातं. सरांनी पॅक कधीच करू दिलं नव्हतं, "लागलं तर परत काढता येतं" म्हणून. बसवणाऱ्यांच्या साधनाने ती खूणच वाचली नाही. परिणामी २९ वर्षांत रद्द केलेली सगळी बिलं, खरेदीचीसुद्धा, जिवंत होऊन आली. चाचणीच्या पहिल्याच दिवशी स्टॉकमध्ये ५ एचपीच्या १८४ मोटारी जादा. बाबा म्हणाले, "विकून टाकूया की."

दुसरं, पार्टीचा जीएसटी नंबर सापडेना. डीबीएफमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नाही, त्यामुळे नावं सगळी सांकेतिक. शोधून शोधून कळलं की सरांनी २०१७ मध्ये १५ अक्षरी जीएसटी नंबर जुन्या विक्रीकर नंबरच्या रकान्यात कोंबला होता. आणि २००५ ला व्हॅट आला तेव्हा त्याचा नंबर दुसऱ्या फोनच्या रकान्यात. तीन करप्रणाली एकाच फाईलमध्ये थरावर थर, वाड्याच्या भिंतीवरच्या चुन्यासारख्या. काही बिलांच्या तारखा १९०२ च्या. २००२ ची ती, साल दोनच आकड्यांत टाइप केलेलं.

पण सगळ्यात मोठं काम नावांचं. डॉसवर सगळी नावं इंग्रजी अक्षरांत, आणि स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीने. एकट्या 'पाटील' मध्ये 'आय' वाले, 'डबल ई' वाले, नुसतं 'पीटीएल' लिहिलेले, असे ३०० च्या वर. फोन नंबर निम्म्यांना नाहीत. कोण कोण एकच आणि कोण वेगळा, हे मशीन कसं सांगणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी आणि अण्णा बसायचो. मी नाव वाचायची, अण्णा डोळे मिटून सांगायचे. "हा पलूसचा, बोअरची केबल नेणारा. तो वरचा त्याचा चुलता, दोघांचं खातं एकत्र करू नका, कोर्टात हायेत." "हा वारला. पोरगं आता येतं, पण उधारी बापाच्याच नावावर चालू द्या, ते स्वतःहून बदलून मागेल." ४,१०० खात्यांची २,६०० झाली. हे काम पैसे देऊन कुणाकडून करून घेता आलं नसतं, आणि अण्णा अजून कामावर आहेत तोवरच ते होण्यासारखं होतं. आता सगळी नावं मराठीत आहेत, गावासकट. शेतकऱ्याच्या हातात त्याचं नाव नीट मराठीत छापलेलं बिल पडतं, तेव्हा तो ते एकदा वाचतो. आधी कुणी वाचत नव्हतं.

वापराबद्दल आता. वेग हा पहिल्या दिवसापासूनचा तोटा आहे. तो कमी झाला, पण गेला नाही. जुन्यात माऊस नव्हताच. कोड, एंटर, नग, एंटर, एफ१०, की प्रिंटर खरखरायला लागला. गर्दीत अण्णा गिऱ्हाइकाकडे बघत बिल मारायचे, पडद्याकडे बघायची गरजच नव्हती. नव्यात प्रत्येक ओळीला यादी उघडते, चाक फिरतं. जूनमध्ये भांडून भांडून आमच्या कोडांवरून थेट नोंद होईल अशी सोय करून घेतली. आज साधं बिल दीड मिनिटात होतं. जुन्यासारखं चाळीस सेकंदांवर ते येणार नाही, हे मी मान्य करून टाकलंय. नेट गेलं की मोबाइलचं हॉटस्पॉट. तेही गेलं की कच्चं चलन हाताने, आणि संध्याकाळी नोंद.

स्टॉकचं मात्र उलटं झालं. जुना प्रोग्रॅम उणे स्टॉक निमूट सोसायचा. माल आत आल्याची नोंद चार दिवसांनी, विक्री आज, तरी बिल निघायचं. नवं अडतं, माल नाही म्हणतं. एप्रिलमध्ये यावरून रोज आरडाओरडा. "माल समोर दिसतोय आणि हे नाही म्हणतंय!" बसवणारे म्हणाले, उणे स्टॉकची परवानगी चालू करून देतो, एका टिचकीचं काम आहे. मी नको म्हटलं. या नऊ महिन्यांत घेतलेला सगळ्यात बरा निर्णय हाच असावा. पाईप आमच्याकडे वजनावर येतो आणि फुटावर जातो. लांबीमागे वजन थोडं इकडेतिकडे होतंच, आणि इतकी वर्षं तो फरक वर्षाअखेरीला 'घट' म्हणून लिहून मोकळे व्हायचो. आता माल आला की लगेच वजन, लांब्या, दोन्ही नोंदवावे लागतात. ऑगस्टमध्ये कळलं की एका पुरवठादाराचा दीड इंची पाईप सातत्याने हलका येतोय. त्याच्याशी बोललो, फरकाची क्रेडिट नोट मिळाली. घट कसली, आम्ही वर्षानुवर्षं न मोजता पैसे देत होतो.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ठिबक आणि तुषार संच १२ टक्क्यांवरून ५ वर. २०१७ ला असा बदल झाला तेव्हा सर दोन रात्री दुकानात मुक्कामाला होते. या वेळी आदल्या संध्याकाळी एचएसएन कोडनुसार (जीएसटीतली मालाची वर्गवारी) माल निवडून नवा दर आणि त्याची तारीख टाकली, अर्ध्या तासात झालं. सकाळी पेठेत बरीच दुकानं बिलं थांबवून बसली होती. आमचं पहिलं बिल साडेनऊला निघालं. अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा त्याला 'आपलं' म्हणाले.

खर्चाचं थोडक्यात. बसवण्याचे १,८०,०००, तीन माणसांचं भाडं वर्षाला ५४,०००, दोन नव्या मशीन आणि लेझर प्रिंटर वेगळे. बोलणीत १,२०,००० ठरले होते. वरचे ६०,००० डेटाच्या सफाईत गेले, आणि त्याचा दोष मी बसवणाऱ्यांना देणार नाही, घाण आमची होती. तक्रार आहे ती आधारकेंद्राबद्दल. मार्चअखेरीला फोन उचलायला दोन-दोन तास, आणि उचलला की मुलगा म्हणणार, तिकीट टाका. सरांना आम्ही रात्री अकराला फोन करायचो. भाडं दरवर्षी किती वाढणार हेही करारात लिहून घ्यायला हवं होतं. या एप्रिलला ते लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही.

मला कुणी विचारलं, बदलू का, तर मी आधी एवढंच विचारते, तुमचे जुने दिवाणजी अजून आहेत का? असतील तर उद्याच सुरू करा, रोज तासभर त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्या. बदलायचं दोन वर्षांनी ठरलं तरी चालेल. आम्ही एक महिना दोन्हीकडे बिलं काढली, पोरं वैतागली, तरी ते टाळू नका. आणि जुनं मशीन फेकू नका. परवाच एक जण २०११ च्या मोटारीचं बिल मागायला आला. माळ्यावरचा तो डबा चालू केला, तीन सेकंदांत बिल पडद्यावर.

इतकं लिहून घेऊनही एक गोष्ट आमच्याकडून सुटलीच. दिवाळीआधी मी थकबाकीच्या आठवणीचे संदेश आपोआप जावेत अशी सोय चालू केली. वसुबारसेच्या सकाळी २१२ जणांना गेले. दुपारी ह्यांच्या मोठ्या आत्यांचा फोन, आवाज चढलेला. मग बाबांच्या मित्राचा. संध्याकाळी अण्णांना विचारलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो वहिनी, झेडवाली खाती!" जुन्या प्रोग्रॅममध्ये ज्या खात्याचा कोड झेडपासून सुरू होतो, ते थकबाकीच्या यादीत छापायचंच नाही, अशी एक ओळ सरांनी बाबांच्या सांगण्यावरून १९९७ ला टाकली होती. घरचे, पाहुणे, जुने स्नेही. ती यादी इतकी वर्षं कुणीच बघितली नव्हती, कारण ती न दिसणं हेच तिचं काम होतं. अण्णांनाही आठवली नाही.

त्या यादीत माझे वडीलही होते. तासगावच्या मळ्यासाठी नेलेली मोटार, बाकी ३८,४०० रुपये, २०२२ पासून. मी हादरून फोन लावला, तर उचलला नाही. भाऊबीजेला माहेरी गेले. जेवणं झाली, गप्पा झाल्या, त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. रात्री परत येताना गाडीतच माझ्या फोनवर दुकानाची सूचना आली, ३८,४०० जमा. तिच्यामागोमाग सॉफ्टवेअरने त्यांना पावती पाठवली, खाली ठरलेल्या ओळीसकट: 'आपल्या व्यवहाराबद्दल धन्यवाद, पुन्हा अवश्य या.'