नाइट वॉच मोबाइलवर: झूम शेवटी करा

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचं संकेतस्थळ फुकट आहे. हक्क संपलेल्या चित्रांच्या मोठ्या प्रती कुणालाही उतरवून घेता येतात, त्या धंद्यासाठी वापरल्या तरी चालतं. चित्राची रेषा, आकार, छटा, पोत, अवकाश वाचायला शिकणाऱ्यासाठी, मग तो इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा देऊन पुढे आलेला असो की कलाइतिहासाच्या पेपराला बसणारा, फुकटात मिळणारं हे फार मोठं घबाड आहे. तरी याच संकेतस्थळाच्या आधाराने लिहिलेली रसग्रहणं पुष्कळदा फसलेली दिसतात. पान उघडलं की बोट आधी झूमकडे जातं, तिथेच घोळ सुरू होतो.

झूम आहे मात्र अफाट. जानेवारी 2022 मध्ये म्युझियमने डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'ची, म्हणजे कप्तान आणि त्याच्या सैनिकी टोळीच्या भल्यामोठ्या चित्राची, 717 अब्ज पिक्सेलची प्रतिमा खुली केली. 100 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले 8,439 फोटो जोडून ती तयार झाली आहे. दोन पिक्सेलमधलं अंतर 5 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशे पिक्सेल. आता हिशेब करा: 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ही प्रतिमा पूर्ण मोठी केली, तर चित्राचा जेमतेम 9.6 मिलिमीटर रुंद तुकडा समोर येतो. रंगद्रव्याचे कण दिसतात, भेगा दिसतात. जुनी चित्रं जपणाऱ्या संवर्धकाला ते हवंच असतं, त्याच्याच कामासाठी तर हा खटाटोप झाला. रचनेबद्दल मात्र त्या तुकड्यातून काडीचंही कळत नाही.

म्हणून उलट्या क्रमाने जा. याच म्युझियममधलं, डच चित्रकार व्हर्मीरचं 'मिल्कमेड' घ्या, साधारण 1660 चं, खिडकीशी उभी राहून दूध ओतणारी बाई. चित्र पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढं करा आणि डोळे किलकिले करा. मग फोन कृष्णधवल करा: अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीच्या कलर करेक्शनमध्ये ग्रेस्केल असतं, आयफोनवर डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझमधल्या कलर फिल्टर्समध्ये. रंग गेला की छायाभेद उघडे पडतात. खिडकीखालची डावीकडची भिंत गडद आहे, आणि बाईची उजळलेली बाजू नेमकी तिच्यावर येते. उजवीकडची भिंत लख्ख आहे, तिच्यावर बाईची सावलीतली बाजू येते. उजेडावर अंधार, अंधारावर उजेड. आकृती भिंतीपासून सुटी होते ती एवढ्यानेच, ठसठशीत बाह्यरेषेची गरज पडत नाही. रंगीत चित्र बघताना पिवळी चोळी आणि निळा एप्रन डोळ्यांना इतके भुलवतात की ही योजना निसटून जाते.

यानंतर रंग परत आणा आणि मधल्या झूमवर या, म्हणजे बाईचं धड पडदाभर दिसेल एवढं. आता कळेल की त्या उजव्या कडेवर व्हर्मीरने पांढुरक्या रंगाची बारीक रेघही ओढली आहे. छटांनी भागत होतं, तरी एवढी पुस्ती जोडली. हे चुकून उरलेलं नाही, आकृती पुढे आणण्यासाठी जाणूनबुजून केलेलं काम आहे. सगळ्यात शेवटी टेबलावरचा पाव मोठा करा. कवचावर रंगाचे जाड ठिपके आहेत. जवळून ते नुसते ठिपके, दोन पावलं मागे गेलात की खरपूस कवचावरचा उजेड. हा पोत कशासाठी आहे हे कळायला आधी दुरून पाहिलेलं असावं लागतं.

यथार्थदर्शनासाठीही (पर्स्पेक्टिव्हसाठी) मधलाच झूम बरा. खिडकीच्या तिरक्या रेषा पट्टी लावून पुढे वाढवा, त्या दुधाच्या भांड्याची मूठ धरणाऱ्या उजव्या हाताच्या थोडं वर एकत्र येतात. तिथे मूळ चित्रात टाचणीचं भोक सापडलं आहे, दोरा ताणून रेषा आखण्यासाठीचं. रेषा एकत्र येतात तो लोपबिंदू एवढा खाली असल्यामुळे आपण बाईकडे किंचित खालून बघतो, आणि स्वयंपाकघरात राबणारी मोलकरीण भारदस्त वाटते. वरच्या मोकळ्या भिंतीचंही तसंच. म्युझियमच्या 2022 मधल्या तपासणीत या भिंतीवर आधी भांडी टांगायची फळी रंगवायला घेतली होती आणि नंतर ती बुजवली, असं दिसून आलं. रिकामा अवकाश हा घटक असतो की नसतो, असा वाद घालणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरेसं आहे.

संकेतस्थळाचा सर्वांत मोठा दोष त्याच्या हातातला नाही: सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. 'मिल्कमेड' 45.5 बाय 41 सेंमी आहे, फुल इम्पीरियल कागदात आरामात मावेल. 'नाइट वॉच' 379.5 बाय 453.5 सेंमी, म्हणजे साडेबारा बाय पंधरा फुटांच्या आसपास, एका बऱ्यापैकी खोलीची जमीन. सात सेंटीमीटर रुंदीच्या फोनवर पहिलं सहापट लहान होतं, दुसरं पासष्टपट. 'नाइट वॉच'मध्ये कप्तानाचा पुढे आलेला हात आणि लेफ्टनंटच्या हातातलं भाल्यासारखं शस्त्र प्रेक्षकाच्या अंगावर यावं म्हणून आखडून रंगवलेले आहेत. माणसं जवळपास खऱ्या मापाची असताना त्या युक्तीचा जो दणका बसतो, तो फोनवर बसणं शक्य नाही. माप पानावर दिलेलं असतं, खाली तपशिलात. ते आधी वाचा, जमिनीवर खडूने आखून घ्या, मग प्रमाणावर लिहा. गूगल आर्ट्स अँड कल्चरच्या ॲपमध्ये आर्ट प्रोजेक्टर नावाची सोय आहे, ती कॅमेऱ्यातून तुमच्या खोलीत चित्र खऱ्या मापात उभं करते. एआर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यात आभासी वस्तू दाखवण्याचं तंत्र, चालणारा फोन लागतो, चित्र जरा थरथरतं, आणि सगळी चित्रं त्यात नाहीत. पण या एका कामात ती राइक्सच्या पुढे आहे.

'नाइट वॉच'च्या रचनेवर लिहिताना आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात पडणारे खूप. कप्तान मधोमध उभा आहे, म्हणून रचना केंद्रवर्ती, असं सर्रास लिहिलं जातं. 1715 मध्ये हे चित्र ॲम्स्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये हलवताना दोन दारांच्या मधे बसेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. सर्वांत मोठी पट्टी डावीकडची गेली, सुमारे 60 सेंटीमीटरची, माणसांसकट. कापण्यापूर्वीची छोटी नक्कल शिल्लक आहे, तिच्या आधाराने म्युझियमने 2021 मध्ये गहाळ पट्ट्या संगणकाकडून रंगवून घेतल्या आणि काही काळ चित्राला जोडून दाखवल्या. ती प्रतिमा समोर ठेवली की कप्तान आणि लेफ्टनंट मध्यापासून उजवीकडे सरकतात, डावीकडे मोकळी जागा मिळते आणि सगळी टोळी त्या दिशेने चालू लागते. आज दिसणारा स्थिर तोल बऱ्याच अंशी कात्रीचा आहे, रेम्ब्रांटचा नाही. मुख्य प्रतिमेशेजारी हे ठळकपणे सांगितलेलं असतं तर बरं झालं असतं. शोधायचं काम वाचणाऱ्यावरच पडतं. तिरक्या रेषा मात्र कापूनही शाबूत आहेत. भाले, बंदूक, निशाण आणि कप्तानाची काठी पेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, दोन दिशांचं जाळं लगेच दिसतं. त्या जाळ्यात दोनच जागी उजेड साठवला आहे, लेफ्टनंटच्या पिवळ्या पोशाखावर आणि मागच्या सोनेरी मुलीवर. कप्तान काळ्यात आहे, पण त्याच्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्यावर पडते, आणि दोघं त्या एका सावलीने बांधले जातात.

रंगाच्या बाबतीत हे म्युझियम स्वतःच एकदा पोळलेलं आहे. 'मिल्कमेड'च्या पिवळट, वाईट स्कॅनच्या दहा हजारांहून अधिक प्रती इंटरनेटवर फिरत होत्या. म्युझियमच्या दुकानातलं खऱ्या रंगाचं पोस्टकार्ड बघून लोकांना तेच खोटं वाटायला लागलं. चांगल्या प्रती सगळ्यांना मोफत देण्यामागे हेही एक कारण होतं. तेव्हा प्रतिमा सर्च करून मिळालेल्या पहिल्या चित्रावर रंगसंगतीचं विवेचन उभारू नका, म्युझियमच्याच पानावरून घ्या. तीही पडद्यावर आल्यावर बिघडू शकते. नाइट लाइट, आय कम्फर्ट, ट्रू टोन बंद करा, नाहीतर व्हर्मीरचा लाजवर्दी निळा मळकट होतो. फोनमधला 'व्हिव्हिड' रंगाचा पर्यायही बंद, तो लाल-हिरवे भडक करतो. ब्राइटनेस मध्यावर ठेवा. एवढं करूनही 'हा निळा अमुक इतका गार आहे' अशी विधानं टाळलेली बरी. शेजारच्या रंगाशी तुलना करून बोला, ती तुलना पडद्यावरही बहुतेक टिकते.

पोताबद्दल संकेतस्थळ निम्मंच खरं सांगतं. चित्राचा फोटो काढताना चकाकी येऊ नये म्हणून सहसा दोन्ही बाजूंनी सारखा उजेड सोडतात, त्यामुळे रंगाचे उंचवटे सपाट होतात. लेफ्टनंटच्या पोशाखावरची जरतार रेम्ब्रांटने रंगाचा जाड थर चढवून केली आहे, प्रत्यक्षात त्या थरावर उजेड अडतो. पडद्यावर ती जरतार फक्त पिवळी दिसते. उलट दिशेची चूकही होते. झूम वाढवला की रंगाला पडलेल्या भेगा ठळक होतात आणि नवखा त्यांनाच चित्रकाराची रेषा समजतो. ओळखायची खूण सोपी आहे: कुंचल्याचा फटकारा आकाराच्या वळणाबरोबर वळतो आणि त्याची जाडी बदलते. भेगांना आकाराशी देणंघेणं नसतं, त्या चेहऱ्यावरून थेट पार्श्वभूमीत त्याच जाळीने जातात.

एका विभागाला मात्र नावं ठेवायला जागा नाही: रेम्ब्रांटचे अम्लरेखन (एचिंग) छाप, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर घेतलेले ठसे. रेषेचा अभ्यास करायचा तर मोठी तैलचित्रं सोडून थेट इथे या. 1643 चं 'तीन झाडं' 21 बाय 28 सेंमीच्या आसपास आहे, मोठ्या लॅपटॉपच्या पडद्यावर जवळजवळ खऱ्या मापात येतं. फोटोत सपाट होईल असा रंगाचा जाड थर नाही, रंगाचा घोळ नाही. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात सरळ, तिरक्या, पट्टीने ओढल्यासारख्या रेघा आहेत, तो पाऊस. झाडांच्या पानांत रेघा गोल, तुटक आणि एकमेकींवर चढलेल्या. झाडांमागचा उजेड म्हणजे कोरा कागद, तिथे शाई जवळपास नाहीच. एकाच चित्रात रेषा हवा, वजन आणि अंतर कसं दाखवते हे इथे बोट ठेवून सांगता येतं. एक चौरस इंच निवडा आणि एचबी पेन्सिलच्या रेघांनी त्याची गडदता मिळवून बघा, जाळी किती थरांची आहे ते मोजता येईल. लक्षात असू द्या, छापात डावं-उजवं तांब्याच्या पत्र्यावरच्या रेखाटनापेक्षा उलटं येतं. त्यामुळे हाताच्या वळणावरून निष्कर्ष काढायचा तर प्रतिमा आडवी उलटवून पाहा.

आपल्याकडच्या लघुचित्रांसाठीही हाच न्याय लावता येतो. मुघल किंवा दख्खनी लघुचित्र हातात धरून बघण्यासाठीच बनायचं, तेव्हा फोनचं माप त्याला फारसं परकं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा काही संग्रह गूगल आर्ट्स अँड कल्चरवर आहे. तिथे अगदी बारीक कुंचल्याने ओढलेली दाढी, कडेची वेलबुट्टी, सपाट रंगाचे पट्टे झूम करून बघायला काहीच हरकत नाही. मोठ्या भित्तिचित्रांना मात्र ही सवलत देऊ नका.

राइक्सचं संकेतस्थळ डच आणि इंग्रजीत आहे. पानावरच्या टिपा छोट्या आणि बहुतेक इतिहास सांगणाऱ्या. रचना, छटा, तोल यावर फार कमी. आमच्या मते हे बरंच आहे, टीप वाचून चित्र बघायची खोड लागत नाही. वर्गात शिकवणाऱ्यांनी टीप झाकून आधी पाच मिनिटं नुसतं चित्र दाखवावं.

पडद्याचा कंटाळा आला तर छापून घ्या. 'मिल्कमेड' ए-2 कागदावर खऱ्या मापात बसतं, कारण कागद 42 बाय 59.4 सेंमीचा असतो. इंचाला 200 ठिपके धरले तर प्रतिमा किमान 3,600 बाय 3,250 पिक्सेलची हवी, त्याहून लहान उतरवलेली असेल तर पाव धूसर येईल. मॅट कागद मागा, ग्लॉसीवर ट्यूबलाइटची चकाकी येऊन गडद भाग दिसेनासे होतात. आणि झेरॉक्सवाल्याला आधीच सांगा की फाइलमध्ये चित्राची उंची 45.5 सेंमी ठेव, 'फिट टू पेज' बंद, स्केल 100 टक्के. तो सवयीने कागदभर करून देतो, आणि मग चित्र दोन-चार टक्क्यांनी लहान-मोठं होऊन तुमची सगळी मापं चुकतात. छापून आल्यावर पट्टीने उभी बाजू मोजा, 45.5 भरली की पैसे द्या.