शाळा संपल्यावर: संरक्षित कार्यशाळा की प्रत्यक्ष नोकरी?

विशेष मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की पालक विचारायला लागतात, ‘शाळेनंतर काय?’ बहुतेकांसमोर दोन वाटा असतात. एक संरक्षित कार्यशाळा. तिथे बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली मंडळी देखरेखीखाली पाकिटं चिकटवतात, सुटे भाग मोजून भरतात. दुसरी वाट चारचौघांसारखी नोकरी. सोबत जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागीच काम शिकवणारा माणूस, असतो आणि काम जमायला लागलं की तो हळूहळू बाजूला होतो.

कार्यशाळेला मी कमी लेखत नाही. ठरलेला दिनक्रम, ओळखीची माणसं, कुणी चिडवायला नाही. ज्याला वारंवार फिट येतात किंवा सतत माणूस लागतो, त्याच्या घरच्यांना हा मोठाच आधार. मोबदला मात्र बहुधा नाममात्र असतो. आणि ‘आधी इथे तयार होऊ दे, मग बाहेर पाठवू’ म्हणता म्हणता वर्षं निघून जातात.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, कारण या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप वापरता येत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी टॉवेलच्या सुरेख घड्या घालायची. कामाच्या ठिकाणी टेबल उंच होतं, टॉवेल मोठे होते. ती हात बांधून उभीच राहिली. घडी तिथेच, पुन्हा पहिल्यापासून शिकवली. शेवटून सुरुवात केली: आधीच्या घड्या मी घालायच्या, शेवटची तिने. मग शेवटच्या दोन. पूर्ण झालेला टॉवेल प्रत्येक वेळी तिच्याच हातून ढिगावर जायचा, म्हणून ती टिकली.

कामाचे असे बारीक टप्पे पाडले तर काय साधतं, हे अमेरिकेतले विशेष शिक्षणतज्ज्ञ मार्क गोल्ड यांनी 1970 च्या दशकात दाखवलं. कार्यशाळेतल्या ज्या लोकांकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती, त्यांनी सायकलचा ब्रेक जोडून दाखवला. 1996 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सुरू झालेला ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रमही जागेवरच शिकवण्याच्या विचाराचा: शाळेचं शेवटचं वर्ष कामाच्या ठिकाणीच काढायचं, विभाग बदलत. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंगत्वविषयक कराराचं कलम 27 तर खुल्या ठिकाणी काम करणं हा हक्कच मानतं.

नोकरीतही धोके आहेत. कोच फार लवकर काढून घेतला, तर मूल कोलमडतं. जेवणाच्या सुट्टीत कुणी बोलत नसेल, तर एकटंही पडतं. म्हणून जागा पाहताना पगाराइतकंच हेही विचारा की अडलं तर हा कुणाला हाक मारणार? कार्यशाळा पाहायला गेलात तर विचारा, गेल्या काही वर्षांत इथून किती जण बाहेर कामाला लागले?

आणि मुलाला दोन्हीकडे न्या, अर्धा दिवस तरी. बोलता येत नसेल तर दोन्ही जागांचे फोटो काढा आणि आठवडाभराने त्याच्यापुढे ठेवा.