मॅटिंगखालची वायर

कापसाचा चुकारा हातात आला की आमच्याकडं प्रत्येकाला काहीतरी सुचतं. मला गेल्या जानेवारीत बोलेरोत साउंड बसवायचं सुचलं. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. एरवी भाजीपाला आणि लग्नसराईत वऱ्हाड, असा तिचा धंदा. एप्रिलमध्ये भाच्याचं लग्न होतं, आणि दारव्हा तालुक्यात वऱ्हाडाच्या गाडीत गाणं वाजलं नाही तर पोरं ड्रायव्हरचं डोकं खातात. बायको म्हणाली, आधी फवारणीचा पंप दुरुस्त करा. ऐकलं नाही.

यवतमाळात एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. 12 इंची सबवूफर, म्हणजे ढोलाचा जड आवाज काढणारा मोठा स्पीकर, खोक्यासहित, त्याला जोर देणारा '3000 वॉट' छापलेला अँप्लिफायर, 'प्युअर कॉपर' म्हणून वायरीचं किट आणि फिटिंग, सगळे मिळून 16,500 रुपये. बिलाचं विचारलं तर म्हणतो, "पक्कं बिल केलं तर टॅक्स लागन भाऊ. अन् बिल कायले पाह्यजे? मी हावो ना!" वहीचं पान फाडून त्यावर नुसता आकडा लिहून दिला. टॅक्स वाचला म्हणून मी उलट खूश. इथं माझीही लालूच होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

फिटिंग होईपर्यंत मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. परत आलो तेव्हा सीटा जागच्या जागी, मॅटिंग नीट दाबलेलं, मागं खोक्याशेजारी काचेच्या डबीत चमकणारा फ्यूज. इंजिन चालू ठेवून त्यानं गाणं लावलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, रस्त्यावरची दोन पोरं वळून पाहायला लागली. मी मोबाइलवरून पैसे दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी उठेना, बॅटरी पार उतरलेली. धक्का मारून चालू केली. मग लक्षात आलं की रात्री ढोलाचा ठोका पडला की हेडलाइट मिणमिणतात, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डासासारखी कुंई चढत जाते. परत दुकानात. "बॅटरी हलकी हाय तुमची, कपॅसिटर लावा." कपॅसिटर म्हणजे करंट थोडा साठवून ठोक्याला सोडणारा डबा, तो 1,800 चा. त्यावर व्होल्टेजचे निळे आकडे झळकायचे, बाकी काही फरक नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी धक्का ठरलेला.

भाच्याच्या लग्नाच्या आठ दिवस आधी, एप्रिलच्या उन्हात, वावरातून परतताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडीत मागं बायको आणि लहानी पोरगी. थांबवून बॉनेट उघडलं. बॅटरीवरून आत जाणारी लाल वायर पत्र्याच्या भोकातून गेली होती, तिथं रबराची बूच नाही, आणि पत्र्याच्या धारेनं वरचं प्लास्टिक अर्धं कापलेलं. बॅटरीचं टर्मिनल हातानं ओढून काढलं आणि तिथंच बांधावर बसून राहिलो.

दारव्ह्याला एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत. त्यांनी पहिलं काम केलं ते मॅटिंग उचलण्याचं. मला म्हणाले, "फ्यूज दाखव." मी अभिमानानं मागची डबी दाखवली. ते हसले. वायरीवरचा हा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून फार तर दीड फुटावर पाहिजे. मागं लावला तर बॅटरीपासून मागपर्यंतची पंधरा-सोळा फूट वायर फ्यूजविना. मधे कुठं पत्र्याला टेकली, तर बॅटरीतला सगळा करंट तिच्यातून वाहतो आणि मागचा फ्यूज शाबूत राहतो. गाडी पेटायला दुसरं काही लागत नाही. दुकानदारानं फ्यूज दिला होता, पण मला दिसेल अशा जागी दिला होता.

मग त्यांनी वायरीचं टोक ब्लेडनं खरडलं. वरून तांबूस, आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ह्याला बाजारात सीसीए म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण 61 टक्केच वीज वाहून नेतं, आणि वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे हातात तोलली असती तरी कळलं असतं. वरून '4 गेज' हे जाडीचं माप छापलेलं, पण जाडी सगळी प्लास्टिकची, आतली तार बोटाएवढी सोडा, पेन्सिलच्या शिशाहून थोडी जाड. मला लाज वाटली ती इथं. विहिरीच्या मोटरीसाठी वायर घेताना मी प्रत्येक टोक खरडून बघतो. लाइन आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि बारीक वायरीच्या शेवटी असलेली मोटर नुसती गुरगुरते, हे मला तोंडपाठ आहे. गाडीत तेच चाललं होतं. इंजिन चालू, गाणं मोठ्यानं, काकांनी मीटर लावला: बॅटरीवर 13.9 व्होल्ट, अँप्लिफायरवर 11.8. दोन व्होल्ट वाटेतच खलास. त्यात अर्थिंगचा स्क्रू रंगावरच पिळलेला, खालचा पत्रा खरडलेलाच नाही. असल्या ठिकाणी कपॅसिटर काय करणार बापडा?

3000 वॉटचं गणित त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं. अँप्लिफायरच्या अंगावर खोचलेला फ्यूज 25 अँपिअरचा. 25 गुणिले 14 व्होल्ट, झाले 350 वॉट, ते आत जाणारे. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग उष्णतेत जातो, स्पीकरला मिळतात पावणेदोनशे-दोनशे. स्पीकरला खरंच 3000 वॉट हवे असतील तर ह्या हिशेबानं चारशेहून जास्त अँपिअर लागतील, तेवढे माझ्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारं यंत्र, कुठून आणणार? अँप्लिफायरवर छापलेला आकडा वाचू नका, त्याच्या अंगावरच्या फ्यूजचा वाचा. हे दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं.

बॅटरी का उतरायची, तेही सापडलं. अँप्लिफायर चालू-बंद करणारी निळी रिमोट वायर स्टिरिओला न जोडता सरळ कायमच्या प्लसला दिलेली. चावी काढली तरी अँप्लिफायर जागाच. आणि ती कुंई? स्टिरिओकडून गाणं आणणारी सिग्नलची केबल पॉवरच्या वायरीला चिकटवून एकाच बाजूनं ओढली होती. एका बाजूनं पॉवर, दुसऱ्या बाजूनं सिग्नल, एवढं केलं असतं तर बहुतेक आलीच नसती.

अँप्लिफायरवरचं गेनचं बटन शेवटपर्यंत पिळलेलं होतं, जड आवाज वाढवणारं बास बूस्टचंही. दुकानात काचा थरथरल्या त्या ह्यामुळे. गेन म्हणजे आवाज नव्हे, स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप्लिफायर जुळवायचं ते बटन. फार पिळलं की आवाजाची लाट वरून कापली जाते आणि स्पीकरची कॉइल तापून जळते. आमच्या सबवूफरला नाक लावलं तर करपल्या वार्निशचा वास येतच होता. काकांनी बूस्ट शून्यावर आणला, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत नेला, गेन हळूहळू वाढवत आवाज फाटायला लागला तिथून थोडा मागं घेतला. नवी तांब्याची 10 स्क्वेअर एमएमची वायर, भोकात रबर, बॅटरीजवळ 30 अँपिअरचा फ्यूज, अर्थिंगखाली पत्रा घासून चकचकीत केलेला. 2,600 रुपये, आणि समोर उभं राहून पाहू दिलं. भाच्याच्या वऱ्हाडात गाणं वाजलं, हळू वाजलं, पण वाजलं.

दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, "किट आमचं नोय." वहीच्या पानावर दुकानाचं नाव नव्हतं. मग ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, मोबाइलवरून पैसे दिल्याच्या नोंदी जोडल्या. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. तीन आठवड्यांनी दुकानदाराचाच फोन आला. कपॅसिटरचे 1,800 परत देतो म्हणाला, दिलेही. वायरीचं विचारलं तर म्हणतो, "तुम्ही तं कापून टाकली ना भाऊ, आता कशी वापस घेऊ?" काढण्याआधी जागेवरच फोटो घ्यायचे, हे त्या गडबडीत ना मला सुचलं ना काकांना. त्या वायरीचे तुकडे मी पोत्यात बांधून ठेवले आहेत. आयोगात जायचं ठरलं तर सोबत नेईन.