ट्रेलरवर बोट मधोमध आणणारे दोन खांब : तीन हंगामांच्या वापरानंतर

मिनियापोलिसच्या पश्चिमेला असलेल्या मिनेटोंका तलावावर आणि मिनेसोटाच्या उत्तर भागातल्या लहानमोठ्या तलावांवर आम्ही आमची 16 फुटी अॅल्युमिनियमची बोट गेली पाच वर्षे नेत आहोत. बोट पाण्यात उतरवणे पहिल्याच उन्हाळ्यात अंगवळणी पडले. संध्याकाळी तीच बोट ट्रेलरवर सरळ चढवणे मात्र दोन हंगाम उलटले तरी आम्हाला नीट जमत नव्हते. त्यानंतर आम्ही ट्रेलरच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना बसवायच्या उभ्या खांबांची जोडी विकत घेतली. ती आता तीन हंगाम वापरून झाली आहे. या खांबांमुळे बोट आपोआप सरळ बसते, असे वेष्टनावर छापलेले असते. ते पूर्ण खरे नाही, तरीही हे खांब घ्यावेत असे माझे मत आहे.

आमची अडचण नेमकी काय होती, हे आधी सांगायला हवे. बंक ट्रेलरवर बोटीचा तळ गालिचा चढवलेल्या दोन लांब फळ्यांवर टेकतो. या फळ्यांनाच बंक म्हणतात. विंचचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच्या पट्टा गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, पट्टा बोटीच्या नाळेला, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला अडकवून ओढला की नाळ समोरच्या रबरी ठोकळ्यावर बरोबर मधोमध येते. पण मागचा भाग तेव्हा तरंगतच असतो आणि त्याला कोणीही धरलेले नसते. अशा वेळी आडवा वारा असला तर नाळ जागेवर राहून मागची बाजू हळूहळू एका अंगाला सरकते, आणि गाडी पुढे घेऊन ट्रेलर वर काढला की बोट ज्या तिरक्या स्थितीत असेल त्याच स्थितीत फळ्यांवर बसते. अशाच एका संध्याकाळी गाडी वर आणून मी मागे जाऊन पाहिले, तेव्हा डाव्या मडगार्डपासून बोटीची कड जेमतेम चार बोटांवर होती आणि उजवीकडे मात्र अख्खी वीत मावत होती. एक फळी तळाच्या सपाट भागाखाली असायला हवी होती, ती उभ्या कंगोऱ्याच्या आत शिरून बसली होती. त्याच अवस्थेत घरी निघालो असतो तर एका बाजूच्या चाकावर जास्त भार आला असता, आणि तळाचा पातळ पत्रा प्रत्येक खड्ड्यात त्याच एका जागी दाबला गेला असता. आम्ही बोट पुन्हा पाण्यात सोडली. मागे चार गाड्या रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे तो प्रसंग माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

आम्ही घेतलेले खांब इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे आहेत. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी नळ यू-बोल्टने चौकटीला आवळायचा आणि त्याच्या उभ्या भागावर पांढरा पीव्हीसी पाइप चढवायचा, एवढीच त्याची रचना आहे. बाजारात 40 आणि 60 इंची असे दोन्ही मिळतात, आम्ही 60 इंची घेतले. बसवायला नट आवळायचे दोन पाने आणि तासभर वेळ पुरतो. परंतु एक महत्त्वाची गोष्ट सोबतच्या सूचनापत्रात लिहिलेली नव्हती, ती अशी की खांबांची जागा रिकाम्या ट्रेलरवर ठरवू नये. आधी शांत हवेत बोट फळ्यांवर अगदी मधोमध बसवावी, मागच्या फळकुटाच्या मध्यावरून ओळंबा सोडून तो ट्रेलरच्या आडव्या दांड्याच्या मध्यावर येतो का हे पाहावे, दोन्ही बाजूंची मापे टेपने घ्यावीत, आणि मगच बोटीच्या कडेपासून दोन्हीकडे साधारण एक इंच मोकळे सोडून खांब आवळावेत. ही मोजणी आळसाने केली, तर हेच खांब बोटीला दर खेपेला इमानेइतबारे चुकीच्या जागी नेऊन बसवतील.

त्यांचा पहिला लाभ मला अनपेक्षित ठिकाणी झाला. रिकामा ट्रेलर उतारावर मागे घेताना तो पाण्यात गेला की आरशात दिसेनासा होई आणि किती वळला आहे हे कळत नसे. आता ते दोन पांढरे खांब पाण्याबाहेर उभे दिसतात. बोट चालवत येणाऱ्यालाही कोणत्या दोन खुणांच्या मधून शिरायचे ते लांबूनच समजते. पूर्वी धक्क्यावर दोरी धरून उभी असलेली माझी पत्नी, “अहो, मागचं टोक सरकतंय, थांबा,” असे दर दोन मिनिटांनी ओरडून सांगत असे. आता बोट वाऱ्याने सरकली तरी पाइपाला टेकून थांबते.

तरीही बोट मध्यावर आणण्याचे खरे काम खांब करत नाहीत, ते ट्रेलर पाण्यात किती खोल आहे यावर ठरते. ट्रेलर फार खोल गेला की फळ्या बोटीच्या तळापासून दूर राहतात, आणि व्ही आकाराच्या तळाला स्वतःची जागा शोधायला आधारच मिळत नाही. आमच्या ट्रेलरला मडगार्डचा माथा पाण्याच्या पातळीला आला की पुरते: फळ्यांची पुढची टोके बाहेर राहतात, नाळ त्यांच्यावर टेकते आणि उरलेले अंतर विंच ओढून घेते. गालिचा कोरडा असल्यास बोट अडखळते, म्हणून आम्ही ट्रेलर आधी थोडा खोल नेऊन फळ्या भिजवतो आणि मग या पातळीला आणतो. खांब बसवल्यापासून इंजिनाच्या जोरावर बोट वर रेटण्याची गरजही उरलेली नाही. ही सवय रॅम्पला, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उताराला, फार घातक असते, कारण पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाशी खड्डा पडतो आणि पुढच्याचे चाक त्यात उतरते. राज्याचा नैसर्गिक साधनसंपत्ती विभागही याच कारणाने तसे न करण्यास सांगतो.

दोष दोन आढळले. जोराच्या वाऱ्यात बोट रेलली तेव्हा उजवा खांब चौकटीवर अर्धा इंच बाहेर सरकला होता. यू-बोल्ट पुन्हा आवळल्यावर आणि साध्या नटांच्या जागी नायलॉनच्या कड्याचे नट लावल्यावर तो हललेला नाही. दुसरे म्हणजे, इथल्या हिवाळ्यात पीव्हीसी ठिसूळ होतो, त्यामुळे पाइप काढून घरात ठेवणे बरे. मिसिसिपीसारख्या वाहत्या नदीवर नेहमी जाणाऱ्यांनी मात्र हे खांब न घेता, बोटीच्या कडेला लांबवर टेकणाऱ्या गालिचाच्या आडव्या फळ्या घ्याव्यात, कारण प्रवाहाच्या सततच्या दाबाला उभा पाइप लवतो.

मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना पाणी काढण्याचे बूच उघडे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते काढायला मी रॅम्पच्या वर थांबून मागे वाकतो, तेव्हाच दोन्ही मडगार्डपाशी हात लावून अंतर तपासतो. गेल्या हंगामात या तपासणीनंतर बोट पुन्हा पाण्यात सोडण्याची वेळ एकदाच आली, आणि त्या दिवशी ट्रेलर मी घाईत फार खोल नेला होता.