कवटीला चेहरा की हाडाची साक्ष? दोन फॉरेन्सिक कादंबऱ्यांतली आधी कोणती वाचावी

मामेबहीण नागपूरच्या गाडीत बसायच्या बेतात होती तेव्हा तिचा मेसेज आला. "प्रेम हवं, खून हवा आणि तपास हाडांवरून लागायला हवा. तू दोन नावं सांगितली होतीस, मी एकच पुस्तक नेणार आहे. कोणतं नेऊ?" मी तिला दोन ओळींत उत्तर दिलं, पण पुढचा आठवडाभर ते मलाच अपुरं वाटत राहिलं. आमच्या वाचनगटात ही दोन्ही पुस्तकं वाचून झाली आहेत. त्यांच्यावरून इतकी वादावादी झाली होती की दोन ओळींत ती मावणं शक्यच नव्हतं. तेव्हा हे सविस्तर उत्तर तिच्यासाठी, आणि तिच्यासारखंच दोन पुस्तकं हातात धरून उभ्या असलेल्या कोणासाठीही.

एक पुस्तक आयरिस जोहान्सन यांचं, 'द फेस ऑफ डिसेप्शन', 1998 सालचं. दुसरं कॅथी राइक्स यांचं, 'देजा डेड', त्याच्या आदल्याच वर्षीचं, 1997 चं. दोन्हींत नायिका हाडांशी काम करणारी, दोन्हींत जीव धोक्यात, दोन्हींत एक पोलीस अधिकारी मनात घर करू पाहणारा, आणि दोन्हींपासून पुढे लांबलचक मालिका सुरू झालेली. मलपृष्ठ वाचून तर या सख्ख्या बहिणी वाटतात. पन्नास पानं वाचली की कळतं, स्वभावाने या अगदी वेगळ्या आहेत.

जोहान्सन यांची ईव्ह डंकन अटलांटाच्या गरीब वस्तीत वाढलेली आहे. वयात येते न येते तोच ती आई होते आणि त्या मुलीसाठी, बॉनीसाठी, शिकून स्वतःच्या पायावर उभी राहते. बॉनी सात वर्षांची असताना तिला पळवून नेतात आणि तिचा खून होतो. गुन्हेगार सापडतो, त्याला मृत्युदंड होतो, पण बॉनीचा देह सापडत नाही. कादंबरी उघडते ती जॉर्जियातल्या तुरुंगाबाहेर, शिक्षा अंमलात येण्याच्या रात्री. ईव्हला न्याय नको असतो, तिला मुलगी घरी आणायची असते. मुलगी कुठे आहे हे सांगू शकणारा एकमेव माणूस त्या रात्री मरतो. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ही पानं वाचून पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मलाही ती पानं विसरता आलेली नाहीत.

पुढे ईव्ह अनोळखी कवट्यांवर मातीने चेहरे घडवण्याचं काम शिकते. इतरांची हरवलेली मुलं तरी त्यांच्या घरी पोचावीत, हा तिचा ध्यास. काम करताना ती प्रत्येक कवटीला एक नाव देते आणि तिच्याशी बोलते. हे फार मोलाचं आहे. टेबलावर आहे ती 'वस्तू' नाही, कोणाचं तरी मूल आहे, हे जोहान्सन यांना वेगळं सांगत बसावं लागत नाही. अशा ईव्हकडे जॉन लोगन नावाचा एक अब्जाधीश येतो आणि एका कवटीचा चेहरा घडवून मागतो. कवटी कोणाची, हे इथे सांगणार नाही. पुस्तकाची सगळी मदार त्यावर आहे, आणि हल्ली कुठेही चार ओळी वाचायला गेलं तरी हे गुपित फुटतं. न वाचलेल्यांनी आधीच शोधाशोध करू नये, एवढी विनंती.

मातीचं हे काम खरोखर कसं चालतं ते कळलं की पुस्तकाचा पहिला भाग दुप्पट आवडतो, म्हणून थोडं सांगते. कवटीवर ठरावीक जागी, साधारण वीसेक ठिकाणी, खोडरबरचे छोटे तुकडे चिकटवतात. त्या त्या जागी कातडी आणि मांस सरासरी किती जाड असतं, त्या मापाने ते कापलेले असतात. कपाळावर चार-पाच मिलिमीटर, गालावर त्याच्या कितीतरी पट. मग त्या तुकड्यांच्या उंचीपर्यंत मातीच्या पट्ट्या चढवत जायचं. नाक किती पुढे येणार याचा अंदाज नाकाच्या भोकाखालच्या हाडाच्या छोट्या टोकावरून बांधतात. डोळे काचेचे बसवतात. ओठांची जाडी, कानाची ठेवण, पापणीची घडी यांचा मागमूस हाडावर फारसा उरत नाही, तिथे हात आणि अनुभव कामी येतो.

एका वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण आहे. तिला मी ही पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, असा चेहरा कोर्टात ओळख पटवायला नसतो, कोणीतरी ओळखीचं माणूस पुढे यावं म्हणून मारलेली ती हाक असते. ओळख पटते ती पुढे दातांवरून, डीएनएवरून. तिचं म्हणणं किती खरं आहे, हे अमेरिकेतल्याच एका कामावरून दिसतं. बेटी पॅट गॅटलिफ या तिथल्या या विद्येतल्या नावाजलेल्या शिल्पकार. 1980 साली त्यांनी शिकागोजवळच्या एका कुप्रसिद्ध खुनसत्रातल्या नऊ अनोळखी मुलांचे चेहरे घडवले आणि त्यांची छायाचित्रं लोकांसमोर ठेवली. त्या खुनसत्रातल्या तिघांना त्यांची नावं परत मिळाली ती पुढे, 2011 पासूनच्या दहा वर्षांत, डीएनएमुळे. ईव्हच्या हातून घडणारा चेहरा मात्र हमखास जुळतो. कादंबरी म्हणून ते मला चालतं, पण ज्यांना काटेकोर विज्ञान हवं त्यांना ते खटकेल.

आता तक्रारी. आमच्या गटात जवळजवळ सगळ्यांची एकच होती आणि मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे. कवटीला चेहरा मिळाला की फॉरेन्सिक तपास संपतो. तिथून पुढे सत्तेच्या वर्तुळातलं कारस्थान, पाठलाग, लपण्याच्या जागा. पानं भराभर उलटतात हे कबूल, पण ज्या हातांसाठी आपण ईव्हच्या मागे आलो ते हात रिकामे राहतात. शेवटच्या शंभर पानांत मला तिच्या त्या कार्यशाळेची, मातीच्या गोळ्याची सतत आठवण येत होती.

प्रेमाच्या बाबतीत मात्र मतं उभी फाटली. जोहान्सन 1980 च्या दशकात प्रेमकथा लिहून पुढे आलेल्या लेखिका, रहस्याकडे त्या नव्वदच्या दशकात वळल्या. दोन माणसांमधला ताण कसा वाढवत न्यायचा हे त्यांना नीट ठाऊक आहे. इथे ताण आहे ईव्ह आणि लोगनमध्ये. आणि वर्षानुवर्षं न बोलता पाठीशी उभा असलेला पोलीस अधिकारी जो क्विन बाजूला थांबलेला आहे. लोगन आवडलेल्यांना तो जाणता, ठाम वाटतो. न आवडलेल्या म्हणतात, जो माणूस खोटं बोलून, आमिष दाखवून तिला या सापळ्यात ओढतो, त्याच्यावर जीव कसा जडेल? मी दुसऱ्या गटातली. बॉनीच्या आईला फसवून आणणाऱ्या माणसाला लेखिकेने फार लवकर माफ करून टाकलं, असं मला वाटतं. जो क्विनचं पारडं जड होतं ते 'द किलिंग गेम' या पुढच्या, 1999 च्या पुस्तकात. म्हणून प्रेमासाठी ही मालिका हाती घेणार असाल तर पहिल्या पुस्तकावरून निकाल देऊ नका, दोन्ही मिळून एक कथा समजा.

राइक्स यांच्याकडे वळलं की हवाच बदलते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा कडक उन्हाळा, जुन्या ख्रिस्ती मठाच्या आवारात पुरलेल्या पिशव्या, त्यांत एका स्त्रीच्या देहाचे तुकडे. टेम्परन्स ब्रेनन, म्हणजे टेम्पी, ही न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ. देह ओळखण्यापलीकडे गेला की तो तिच्या टेबलावर येतो. कथा तीच सांगते, प्रथमपुरुषी. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, मोठ्या मुलीची आई, दारू सोडलेली, फ्रेंच बोलणाऱ्या पोलिसांत बाहेरची म्हणून वावरणारी. तिला वाटतं की सुट्या दिसणाऱ्या खुनांमागे एकच हात आहे. क्लोदेल नावाचा तपास अधिकारी तिचं म्हणणं उडवून लावतो.

राइक्स स्वतः याच विद्येत मुरलेल्या. टेम्पी जिथे काम करते त्याच, मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. रवांडातल्या वंशसंहाराच्या खटल्यात संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली, ग्वाटेमालातली सामूहिक दफनं उकरण्याच्या कामात त्या होत्या, आणि 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यातले अवशेष ओळखायलाही त्यांनी हातभार लावला. 'देजा डेड' ही त्यांची पहिलीच कादंबरी. तिला पहिल्या कादंबरीसाठीचा कॅनडाचा आर्थर एलिस पुरस्कार मिळाला.

या अनुभवाने पुस्तकाला काय दिलं ते एका प्रसंगात दिसतं. टेम्पी हाडावरच्या करवतीच्या खुणा तपासते. सुताराला करवतीचे दाते कानशीने घासताना ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच उमगेल. दाते एकाआड एक डावीकडे-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून पात्यापेक्षा चीर रुंद पडते आणि करवत अडकत नाही. लाकडात जे होतं तेच हाडात होतं. चिरेची रुंदी, तिच्या तळाचा आकार, भिंतींवरचे ओरखडे, कापताना हात अडखळला तिथली खोटी सुरुवात, यावरून करवत कोणत्या जातीची, कोणत्या दिशेने चालली आणि चालवणारा सराईत होता का, हे वाचता येतं. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. आजोबांच्या पडवीतली करवत मला इतकी नीट आधी कधीच समजली नव्हती. आणि इथे तपास अर्ध्यात सुटत नाही, शेवटपर्यंत हाडंच बोलत राहतात.

न आवडलेल्यांचं म्हणणंही ऐकून घ्या. फ्रेंच नावं, पोलीस खात्यांची आद्याक्षरं, रस्त्यांचे तपशील यांनी सुरुवातीला दमायला होतं. आमच्यातल्या दोघी साठाव्या पानाच्या आसपास थांबल्या त्या थांबल्याच. दुसरी तक्रार टेम्पीच्या वागण्याची. एवढी शहाणी बाई रात्री एकटीच देह पुरलेल्या जागा धुंडाळायला का जाते? मलाही तिथे तिचा राग आला. आणि तिसरी गोष्ट, प्रेमाची. अँड्र्यू रायन हा क्वेबेकच्या प्रांतिक पोलीस दलातला अधिकारी देखणा आहे, बोलण्यात मिश्कील आहे, पण या पुस्तकात त्यांचं प्रकरण नजरानजरेच्या फारसं पुढे जात नाही. ते नातं पुढच्या अनेक पुस्तकांत हळूहळू उलगडतं. फक्त 'रोमँटिक सस्पेन्स' हवा असेल तर हाताला काही लागणार नाही. मला स्वतःला हा संथपणा भावला. ज्या दोन माणसांनी दिवसभर तसले देह पाहिलेत त्यांना एकमेकांशी बोलायला इतका वेळ लागणं पटतं.

'बोन्स' ही टीव्ही मालिका पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांसाठी एक सूचना. 2005 ते 2017 अशी बारा पर्वं चाललेली ती मालिका राइक्स यांच्या कामावर आणि पुस्तकांवर बेतलेली खरी, पण पडद्यावरची वॉशिंग्टनमधली तुसडी, तरुण ब्रेनन आणि ही चाळिशीतली, थकलेली, हळवी टेम्पी यांच्यात नावाखेरीज फार थोडं समान आहे. तो एफबीआयवाला बूथही इथे नाही. त्याला शोधत आलात तर हिरमोड होईल.

निवडताना प्रेम आणि तपास यांच्या आधी एक गोष्ट विचारात घ्या, तुम्हाला काय सोसवेल ती. जोहान्सन यांच्या पुस्तकात रक्त कमी आहे, पण लहान मुलीचा मृत्यू पानापानाखाली वाहतो. घरात सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर पहिली पानं फार जड जातील. आमच्यातली एक तरुण आई ती पानं वाचून मुलीच्या खोलीत जाऊन झोपली. राइक्स यांच्याकडे बायकांच्या देहांची विटंबना तपशिलात आहे, वास आणि अळ्यांसकट. आणि टेम्पीची मैत्रीण गॅबी हिच्यावरचं सावट वाढत जातं तेव्हा पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं. रात्री एकट्या राहणाऱ्यांनी ते दिवसा वाचावं.

इंग्रजीची सवय कमी असेल तर जोहान्सन सोपी. वाक्यं छोटी, संवाद भरपूर. राइक्स यांची भाषा धारदार, उपमा नेमक्या, पण शास्त्रीय शब्दांना थांबावं लागतं.

मामेबहिणीला मी तेव्हा 'द फेस ऑफ डिसेप्शन' सांगितलं होतं. तेरा-चौदा तासांचा प्रवास, आजूबाजूला गडबड, आणि तिची पहिली अट प्रेमाची. ते उत्तर आजही बदलणार नाही, फक्त सोबत 'द किलिंग गेम' टाक असं म्हणेन. हाच प्रश्न माझ्या डॉक्टर मैत्रिणीने विचारला असता तर क्षणाचाही विचार न करता 'देजा डेड' तिच्या हातात दिलं असतं. आणि मला कोणी एकच पुस्तक पुन्हा वाचायला दिलं तर मीही तेच घेईन, करवतीच्या त्या प्रकरणासाठी.

बहीण परवा परतली. ईव्ह तिने वर्ध्याच्या अलीकडेच संपवली होती. लोगन तिला आवडला. यावर आमचं अजून बोलणं व्हायचं आहे.