पणजीतल्या कॉफीवरच्या विज्ञान गप्पा: कशा असतात, कुणी जावं

बरेच जण विचारत होते की पणजीत फोंतेन्यश या जुन्या वस्तीच्या बाजूच्या त्या छोट्या कॅफेत महिन्यातून एकदा संध्याकाळी शास्त्रज्ञ येऊन बोलतात ते नक्की काय असतं, आपल्यासारख्यांना कळतं का, की फक्त सायन्सवाल्यांसाठीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कॉमर्सवाला, दहावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नाही, आणि मला हा कार्यक्रम मनापासून आवडलाय.

प्रकार साधा आहे. पाहुणा वीस-पंचवीस मिनिटं बोलतो, स्लाइड नाहीत, पडदा नाही, फार तर कागदावर एखादं चित्र काढून सगळ्यांच्या हातातून फिरवतात. मग ब्रेक, कॉफी परत भरून घ्यायची, आणि नंतर तासभर फक्त प्रश्न. ही पद्धत १९९८ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डंकन डॅलस नावाच्या टीव्ही निर्मात्याने सुरू केली, त्याला ती सुचली पॅरिसवरून, तिथे १९९२ पासून मार्क सोते नावाचे प्राध्यापक बास्तीयच्या चौकातल्या एका कॅफेत लोकांना जमवून तत्त्वज्ञानावर गप्पा मारायचे. आता जगभर शेकडो ठिकाणी असं चालतं. आपल्याकडे मोठी व्याख्यानं होतात, कला अकादमीतला कोसंबी विचार महोत्सव मी स्वतः आवडीने ऐकायला जातो, पण तिथे हजारभर लोक असतात, प्रश्न विचारायला माइक आपल्यापर्यंत पोचेपर्यंत वेळ संपलेली असते. इथे पाहुणा तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला असतो.

मागच्या वेळचा विषय होता भरती-ओहोटी आणि खाजन शेती, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेली शेती. बोलायला आल्या होत्या समुद्रावर आयुष्यभर काम केलेल्या एक निवृत्त शास्त्रज्ञ बाई. त्यांनी सुरुवातच मांडवी नदीपासून केली. मुखाशी मोठ्या भरतीला पाणी दोन मीटरच्या थोडं वर चढतं, कुणालाही वाटेल की जसजसं आत जावं तसतशी भरती कमी कमी होत जाईल, पण मांडवीत जवळजवळ ४० किलोमीटर आतपर्यंत भरतीची उंची फारशी बदलतच नाही! कारण नदी आत जाता जाता निमुळती होते, अरुंद जागेत शिरताना भरती वाढायला बघते, आणि तळाचं, काठाचं घर्षण तिला तेवढंच कमी करतं, दोन्ही जवळपास फिटतं. त्याच्यापुढच्या दहाएक किलोमीटरात मात्र ती झपाट्याने संपते. हे सगळं इथल्याच लोकांनी मोजून काढलंय, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथे दोना पावलला आपल्या नाकासमोर आहे आणि आपण तिच्या गेटसमोरून जेटीवर फोटो काढायला जातो.

मग आली मानस. खाजन बांधात बसवलेली लाकडी दारं, बहुतेक मट्टीच्या लाकडाची, ती लहानपणापासून बघितलेली पण ती चालतात कशी हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप बंद होतं, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, सगळं काम चंद्र करतो. आणि शेतात कोरगुट, खारट जमीन सहन करणारं भात, पावसाने वरचं मीठ धुऊन काढलं की त्याची वेळ येते. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीत खारं पाणी घेऊन मासळी, शेकडो वर्षं गावकरी संस्थांनी, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थांनी, हे असं चालवलं.

इथपर्यंत चांगलं भाषण, असं म्हणून घरी गेलो असतो. पण खरी मजा ब्रेकनंतर आली आणि त्यासाठीच मी हे एवढं लिहितोय. दिवाडी बेटावरचे एक काका मागच्या टेबलावर गप्प बसले होते, त्यांनी कोंकणीत विचारलं, "बाय, मानशीची पावणी जो घेतो त्याला मासळी पाहिजे, मग तो भरतीला पण दार उघडं ठेवतो, खारं पाणी आत घेतो, माझ्या शेताचं काय?" ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, मानशीवर जाळं लावून मासळी धरायचा हक्क पावणीला काढतात, जास्त बोली लावणाऱ्याला मिळतो, आणि त्याचा फायदा पाणी आतबाहेर होण्यात असतो, शेतकऱ्याचा फायदा दार वेळेत बंद होण्यात. एका दारावर दोघांचं पोट. बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, उलट काकांनाच विचारलं की दार किती वेळ उघडं राहतं, अमावास्या-पुनवेला की अष्टमीला, पाणी कुठल्या मेरेपर्यंत येतं, आणि काका सांगत गेले तसं वहीत लिहून घेतलं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की किती मीठ आत येतं हे मोजता येईल, पण दार कधी उघडं असतं हे फक्त तिथे राहणाऱ्यालाच माहीत. मी आयुष्यात कुठल्या व्याख्यानात वक्त्याला श्रोत्याचं बोलणं टिपून घेताना पाहिलेलं नाही.

काकांनी अजून एक सांगितलं की जाळं लावणाऱ्याची वेळ रोज पुढे सरकते, त्यावर बाईंनी जोड दिली की दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात म्हणून दुसऱ्या दिवशी तीच भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येते. काकांना मिनिटं माहीत नव्हती, तिथी माहीत होत्या, दोघांचं गणित एकच निघालं.

आणि मग कॉलेजमधल्या एका मुलीने जो प्रश्न विचारला तो अजून डोक्यातून गेलेला नाही. ती म्हणाली समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात, बांध उंच केले तर भरतीचं पाणी अडेल, पण मानस उघडणार कधी? सगळे शांत. कारण दार उघडतं तेव्हाच जेव्हा बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असतं, सुकतीची पातळीच वर आली तर तो वेळ कमी कमी होत जाणार, आणि धो धो पावसात आतलं पाणी बाहेर पडायला तेवढे तास मिळणार नाहीत. म्हणजे शेत बांधावरून येणाऱ्या पाण्याने बुडण्याआधी आतल्याच पावसाने बुडेल. बाई म्हणाल्या बरोबर पकडलंस, आणि त्यावरून पुढची वीस मिनिटं पंप, गाळ, कुंभारजुवे कालवा, बांध दुरुस्ती कोण करणार अशी चर्चा रंगली की कॅफेवाल्याने खुर्च्या उचलायला सुरुवात केली तरी कुणी उठेना.

प्रत्येक वेळ अशी असते असं नाही. एकदा एका पाहुण्याने प्रश्नांचा अर्धा वेळ स्वतःच बोलण्यात घालवला, लोक मोबाइल बघत बसले. त्याच्या आधी दामोदर कोसंबींवर झालेली मात्र छान होती, आपल्या गोव्यातल्या कोसबें गावात १९०७ साली जन्मलेला हा गणितज्ञ जुनी चांदीची नाणी एकेक करून वजन करायचा, नाणं हातोहात फिरून झिजतं, म्हणून वजनावरून ते किती काळ चलनात फिरलं याचा अंदाज बांधायचा. त्या दिवशी टेबलावर खिशातली जुनी-नवी नाणी काढून सगळ्यांनी सोनं तोलायच्या वजनकाट्यावर वजन केलं, छोटी पोरंसुद्धा होती.

आता जे आवडत नाही ते. पहिलं म्हणजे भाषा. सुरुवात कायम इंग्रजीत होते, आणि ब्रेकनंतर कोंकणी-मराठी सुरू झाली की एकदम खोलीत जीव येतो, हे आयोजकांना दिसत नाही का? दिवाडीचे काका पहिला अर्धा तास गप्प का बसले होते याचा विचार करा. सुरुवातीलाच कोंकणी किंवा मराठीत बोलायला हरकत काय आहे, तांत्रिक शब्द इंग्रजी राहिले तरी चालतील. दुसरं, वेळ. संध्याकाळी उशिरा सुरू होऊन लांबतं, डिचोली-सत्तरी-काणकोणवाल्यांनी परत कसं जायचं, कदंबच्या बसच्या भरवशावर येणाऱ्याला प्रश्नांच्या ऐन रंगात उठावं लागतं. रविवारी सकाळी ठेवा ना. तिसरं, कॉफीचं मशीन, बोलणं चालू असताना ते घुर्र सुरू झालं की मागच्यांना काही ऐकू येत नाही, वीस मिनिटं बंद ठेवलं तर कुणी मरणार नाही.

एंट्री फी नाही पण काहीतरी मागवावं लागतं, कॉफी महाग आहे आणि चवीला ठीकठाक, चहा त्यापेक्षा बरा. पार्किंग विसरा, पाटोला गाडी लावून चालत या. खुर्च्या मोजक्या म्हणून अर्धा तास आधी पोचा. भिंतीकडची जागा घेऊ नका, मधल्या टेबलांवर बसा, सगळं तिथेच घडतं. मुलांना आणा, आठवी-नववीच्या पुढची असतील तर नक्कीच. आणि घरात कुणी शेतकरी, रांपणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा), पागी (मासेमार) असेल तर त्यांना आधी आणा, त्यांच्याशिवाय हा कार्यक्रम अर्धाच राहतो.

माझ्याकडून पाचातले चार, पाचवा कोंकणी-मराठीत सुरुवात झाली की देईन.

पुढचा विषय आहे पावसाळ्यातला समुद्र. कांदोळीच्या समोर समुद्रात एका ठरावीक जागी १९९७ पासून नेमाने पाणी तपासतात, आणि पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर सरकतं, त्याच्यावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो असं त्यात दिसलंय. मला विचारायचंय की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण ऑक्सिजन संपतो तो त्याच्यानंतर, मग तळाची मासळी त्या दिवसांत जाते कुठे, वर येते की काठाकडे सरकते, आणि बंदी उठल्यावर ट्रॉलरवाल्यांच्या जाळ्यात जे येतं त्याचा ह्याच्याशी काही संबंध आहे का. बेतूलचे एक पागी ओळखीचे आहेत, त्यांना घेऊन येतोय, कारण पाहुणे जे विचारतील त्याचं उत्तर त्यांच्याकडे असणार.